फुलपाखराचं अंडं होत नाही

अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता असतो. वर अंडं, उजवीकडे अळी, खाली कोश, डावीकडे फुलपाखरू आणि चौघांना जोडणारे चार बाण. पाच वर्षांच्या एखाद्या मुलाला या तक्त्यापुढे उभं करून विचारा, ‘फुलपाखराचं पुढे काय होतं?’ ते बाणावरून बोट फिरवेल आणि बिनधास्त सांगेल, ‘परत अंडं होतं!’ त्याचं काही चुकलेलं नाही. अंड्याची अळी होते, अळीचा कोश होतो, कोशाचं फुलपाखरू होतं, मग फुलपाखराचं अंडं का होऊ नये? पहिले तीन बाण ‘होतं’ म्हणतात आणि चौथा ‘घालतं’ म्हणतो. चित्रात मात्र चारही बाण सारखेच.

क्रम पाठ करायला तक्ता पुरतो. पण त्यात आणखीही दोन गोष्टी मावत नाहीत. एक म्हणजे दिवस. तक्त्यावर अंड्यापासून फुलपाखरापर्यंत वीतभर अंतर आहे, लिंबाच्या झाडावर ते महिनाभराचं असतं. दुसरी म्हणजे संख्या. तक्त्यावर एक अंडं आणि त्याचं एक फुलपाखरू. झाडावरची बहुतेक अंडी फुलपाखरापर्यंत पोचतच नाहीत. कोण कोणाचं होतं, किती दिवस लागतात, किती जण उरतात, हे चार ते आठ वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही, खेळून कळतं. ते कसं, हे इथे सावकाश सांगते.

जागा मुळशी तालुक्याची. हा तालुका एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपासून सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटात संपतो. मध्ये पौड, मग धरण, मग आंबेमोहोराची खाचरं. सोसायटीतलं मूल आणि कातकरी वाडीवरचं मूल एकाच तालुक्याचं. एकाने फुलपाखराची फिल्म पाहिलेली असते, दुसऱ्याने खेकड्याचं बीळ. खेळ दोघांनाही चालतो, पण प्रश्न दोघं वेगवेगळे विचारतात.

मुलांना खेळातून शिकवा, हे आता सरकारी कागदावरही आलं आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळ मध्यभागी आहे. पुढच्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ नावाची खेळणी आणि पुस्तकांची पेटीही निघाली. ठीकच झालं. पण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, हेच काम आदिवासी मुलांबरोबर करून दाखवलं होतं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. माँटेसरीची महाग लाकडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. त्या परंपरेला स्मरून इथलं साहित्य सांगते : वाडगाभर चिंचोके, दोन जुन्या साड्या, चार ओढण्या, सुतळीचं एक भेंडोळं. आणि एक लिंबाचं झाड.

झाड सगळ्यांत महत्त्वाचं. खेळ आधी आणि प्राणी नंतर असं केलं की खेळ नुसतं नाटक होतो. आधी बघायचं, मग खेळायचं, मग परत जाऊन बघायचं. दुसऱ्यांदा बघताना मुलं जे प्रश्न विचारतात, ते पहिल्यांदा कधीच विचारत नाहीत.

लिंबू नसेल तर कढीपत्ता चालेल, बेलही चालेल. लिंबाचं फुलपाखरू म्हणतात ते काळं-पिवळं, मागच्या पंखावर तांबडा ठिपका असलेलं फुलपाखरू याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, हे त्याचं मोठं भावंड. तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. रुईवरचं तपकिरी-केशरी फुलपाखरू सापडायला सर्वांत सोपं, अळीही देखणी. तरी लहान मुलांना मी रुईकडे नेत नाही. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि चार वर्षांचं मूल पान तोडून दुसऱ्या मिनिटाला डोळे चोळतंच. बाजारातला कढीपत्ताही नको. त्यावर फवारा मारलेला असला तर अळी मरते आणि मुलांना काय सांगायचं हे आपल्याला कळत नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पाऊस लागलेला असतो, लिंबाला कोवळी फूट आलेली असते. अंडी त्या कोवळ्या पानांवरच. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल, आणि बहुतेक वेळा एका पानावर एकच. हे ‘एकच’ लक्षात ठेवा, खेळात उपयोगी पडतं.

पहिला खेळ अंड्याचा नाही, आईचा. फुलपाखराची मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान टकटक करते आणि पायांनीच चव घेते. चव जुळली तर अंडं, नाहीतर पुढचं पान. मुलांना हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते, मग चप्पल काढून गवतावर पाय घासून बघण्याची. बघू द्यावं. त्यानंतर एका मुलाचे डोळे ओढणीने बांधायचे. समोर आंबा, जांभूळ, तुळस, पेरू आणि लिंबू यांची पानं. प्रत्येक पान चुरगाळून नाकाशी धरायचं. लिंबाचं पान ओळखलं तर त्याच्या मागे एक चिंचोका ठेवायचा. चुकून आंब्याच्या पानामागे ठेवला, तर तिथल्या पिल्लाला खायला काही नाही. आंब्याचं पान ते खाणारच नाही. मुलांना हे फार लागतं. दुसऱ्या फेरीत हुंगणं एकदम मन लावून होतं.

मग अंडी. सगळ्यांनी एकमेकांपासून दूर, अंगणभर पांगून, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. दूर का? एका पानावर दहा अळ्या जन्मल्या तर पान पुरणार नाही म्हणून. बसून राहायचं तेवढंच, पण याच ठिकाणी वेळेची गंमत सुरू होते. खऱ्या झाडावर आज अंडं दिसलं की खिडकीच्या कट्ट्यावर एक चिंचोका ठेवायचा. उद्या गेलो की दुसरा. तीन-चार चिंचोके झाले की अंडं काळपट होतं आणि एके सकाळी तिथे अंडं नसतं, एक केसाएवढी अळी असते. तिचा पहिला घास म्हणजे तिचंच टरफल. पुढचे सगळे दिवस ही चिंचोक्यांची रांग वाढत जाते. अंड्यासाठी एक रांग, अळीसाठी तिच्या खाली दुसरी, कोशासाठी तिसरी. ज्या मुलाला तीसपर्यंत मोजता येत नाही, त्यालाही अळीची रांग अंड्याच्या रांगेहून कितीतरी लांब आहे हे दिसतं. मुलांना कॅलेंडर दाखवून काही उपयोग नाही, ते मोठ्यांचं. रांग त्यांची.

पुढची अळी हा सगळ्यांत धुमाकुळाचा खेळ. अळीचं काम एकच, खाणं. पण तिची कातडी तिच्याबरोबर वाढत नाही. ती तंग झाली की फाटते, आतून नवी, ढगळ कातडी घेऊन अळी बाहेर येते. असं चार वेळा. यासाठी सुतळीची चार कडी करायची, लहान ते मोठं. सगळ्यांत लहान कड्यात दोन मुलं उभी राहतात, सुतळी कमरेशी. गळ्याच्या जवळपासही नाही, हे मोठ्यांनी बघायचं. ती दोघं मिळून चालत जातात, पडलेली पानं वेचतात. पाच पानं झाली की एक मूल आत वाढतं. आणखी पाच, आणखी एक. कडं इतकं तंग होतं की पाऊल उचलता येत नाही. मग ‘कात!’ असं ओरडून सगळ्यांनी हात न लावता, नुसतं वळवळून कड्यातून निसटायचं आणि मोठ्या कड्यात शिरायचं. जुनं कडं जिथे पडलं तिथेच राहू द्यायचं. शेवटी अंगणात चार कडी पडलेली दिसतात. त्यानंतर झाडाकडे गेलं की मुलं पानावर सुकलेली, सुरकुतलेली काळी चिंधी आपणहून शोधतात. ‘हिचं कडं!’ असं एकीने ओरडून सांगितलं होतं. मी जन्मात यापेक्षा चांगली व्याख्या ऐकलेली नाही.

लहान वयात ही अळी काळपट, मध्ये पांढरा डाग, ओलसर. हुबेहूब पक्ष्याची शिट. ही गोष्ट मुलांना सांगायलाच लागत नाही, तीच आधी सांगतात आणि हसून लोळतात. यावरून आपला ‘स्टॅच्यू’. एक मूल बुलबुल. बुलबुलाने पाठ वळवली की अळ्यांनी पानं वेचायची. वळून बघितलं की शिटेसारखं पडून राहायचं. हललेली अळी गेली. शेवटची कात टाकल्यावर अळी हिरवीगार होते, मग तिला वेगळी युक्ती लागते. डिवचलं की मानेमागून तांबूस-नारिंगी दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. म्हणून मोठ्या अळ्यांना दोन बोटं मानेमागून वर करण्याची मुभा. बुलबुल शिवायला आला की बोटं वर. प्रत्येकीला एकदाच. हळू काडी लावून खऱ्या अळीची ही शिंगं एकदा दाखवावीत. रोज नको, तिला त्याची किंमत मोजावी लागते.

वर्गात अळी ठेवायची असेल तर पानांची डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी खाली उतरून पाण्यात बुडते. वरून मच्छरदाणीचा तुकडा. रोज ताजी पानं, रोज लेंड्या झाडणं. हे काम मुलांनी आळीपाळीने करावं. सहा वर्षांचं मूल लेंड्या मोजायला बसलं तर अडवू नका. लेंड्या मोठ्या होत जातात, म्हणजे अळी मोठी होते आहे, हा शोध त्याला स्वतः लावू द्या.

दोन-अडीच आठवड्यांनी अळी खाणं थांबवते. पोट रिकामं करते, जागा शोधत भटकते, शेपटाकडे रेशमाची गादी विणते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि विजेच्या खांबावर पट्टा लावून रेललेल्या वायरमनसारखी रेलून राहते. मग कातडी शेवटची फाटते आणि आत कोश असतो. हिरव्या डहाळीवर बहुधा हिरवा, वाळक्या काटकीवर तपकिरी.

इथे बहुतेक बाई-ताई एक वाक्य बोलतात : ‘अळी आता झोपली.’ कृपा करून हे वाक्य बोलू नका. आत झोप नाही, मोठी उलथापालथ आहे. अळीचं बरंचसं शरीर आतल्या आत विरघळतं. त्याच वेळी, अळीत आधीपासून सुप्त असलेल्या इवल्या पेशीपुंजांपासून पंख, सोंड, लांब पाय उभे राहतात. मुलांना मी सांगते, ‘घर पाडून त्याच विटांचं दुसरं घर बांधताहेत, दार लावून.’ मुळशीत हल्ली घर पाडून बांधणं रोजचं आहे, त्यामुळे हे लगेच कळतं.

खेळ तयारच आहे, आपला विषामृत. ज्याला ‘विष’ मिळतं तो जागच्या जागी थिजतो आणि कुणी येऊन ‘अमृत’ दिल्याशिवाय हलत नाही. इथे फक्त एक नियम बदलायचा : अमृत द्यायला कुणी येणार नाही. कोश झालेल्या मुलाने साडीच्या घडीत शिरायचं आणि बाकीच्यांनी दूर बसून संथ टाळी द्यायची, एक टाळी म्हणजे एक दिवस. आठ-दहा टाळ्या. आतल्या मुलाने तेवढ्यात साडीच्या आत गुपचूप काहीतरी बदलायचं : खिशातली ओढणी खांद्यावर घ्यायची, शर्ट उलटा घालायचा, केस मोकळे सोडायचे. बाहेरच्यांना फक्त हालचाल दिसते, काय चाललंय ते दिसत नाही. चार वर्षांच्या मुलांना सहाव्या टाळीपुढे धीर धरवत नाही. साडी ओढायला हात जातोच. ते तसं होणं चांगलं, कारण पुढची गोष्ट तिथून सांगता येते.

फुलपाखरू कोशातून येतं तेव्हा पंख ओल्या, चोळामोळा झालेल्या कागदासारखे असतात. ते काटकीला उलटं लटकून पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतं, पंख ताणले जातात, मग वाळून कडक होतात. तासभर तरी जातो. त्या वेळात आपण दयेपोटी कोश सोलला किंवा पंख उलगडायला गेलो, तर ते पंख तसेच वाकडे राहतात आणि फुलपाखरू उडत नाही. म्हणून खेळात नियम : साडीतून बाहेर येणाऱ्याने एकट्याने यायचं, उकिडवं बसून ओढणी इंच इंच पसरायची, बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधायचे. मदत करायची नाही, हे मुलांना अवघड जातं. आयांना जास्त.

पंख वाळले की खाऊ. अळी होती तेव्हा भाकरीचा तुकडा होता, दातांनी चावून खायचा. आता पेल्यात ताक आणि एक स्ट्रॉ. फुलपाखराला जबडा नाही, सोंड आहे. भाकरी मागितली तरी द्यायची नाही. जेवण बदललं म्हणजे प्राणी किती बदलला, हे मुलाच्या तोंडालाच कळतं.

आता तो चौथा बाण. ओढणी पसरून अंगणभर भिरभिरणाऱ्या फुलपाखराने लिंबाचं पान शोधून मागे चिंचोका ठेवला, की त्याची पाळी संपली. त्याने ओट्यावर जाऊन बसायचं. त्या चिंचोक्याजवळ आता दुसऱ्याच मुलाने, आतापर्यंत न खेळलेल्या लहानग्याने, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. अंडं तो होतो, फुलपाखरू नाही. ओट्यावरचं मूल हमखास विचारतं, ‘मग मी?’ तुझं झालं, म्हणावं. फुलपाखरू अंडी घालून काही दिवसांनी मरतं. एवढं साधं सांगितलं तर मुलं साधेपणानेच घेतात. घाबरून विषय बदलतात ती मोठी माणसं. बाण गोल फिरतो खरा, पण त्यावरून जाणारी व्यक्ती दर फेरीला वेगळी असते, हे त्या ओट्यावरच्या मुलाला चांगलंच कळलेलं असतं.

संख्येचा खेळ बैठा आहे. सुपात वीस चिंचोके. प्रत्येक मुलाकडे एक भूमिका : मुंगी, कोळी, बुलबुल, मुसळधार पाऊस, लिंबावर औषध मारणारे आजोबा. गोष्ट सांगत जायची आणि ज्याचं नाव येईल त्याने मूठभर उचलायचे. शेवटी दोन उरतील असं बघायचं. दोनच का? एका आईच्या सगळ्या अंड्यांपैकी सरासरी दोन जरी मोठी होऊन अंडी घालण्यापर्यंत पोचली, तरी पुढच्या पिढीत फुलपाखरं तेवढीच राहतात. जास्त उरली तर लिंबाला पान उरणार नाही. हा हिशोब सात-आठ वर्षांच्या मुलांना झेपतो. चौथीच्या परिसर अभ्यासात ‘प्राण्यांचा जीवनक्रम’ हा पाठ येतो, तेव्हा हे चिंचोके त्यांना आठवले तर पाठ एका बैठकीत संपतो.

जाता जाता एका लोकप्रिय खेळाविषयी. शिबिरांमध्ये ‘दगड-कागद-कात्री’चा एक प्रकार चालतो. सगळी मुलं अंडी, दोघांनी खेळायचं, जिंकला तो अळी, पुन्हा जिंकला तो कोश, आणि हरला की परत अंडं. मुलांना तो आवडतो, मलाही खेळायला आवडतो. पण त्यातून दोन खोट्या गोष्टी शिकवल्या जातात. दुसऱ्या अळीला हरवून कुणी कोश होत नाही. आणि माघारी तर कुणीच जात नाही. कोश परत अळी होत नाही, मरेल फार तर. खेळायचाच असेल तर हरलेल्याने बुलबुल व्हावं. मग बुलबुल वाढत जातात, अळ्या कमी होत जातात आणि खेळ खऱ्याच्या जवळ येतो.

बेडकाचा खेळ जुलैत. पहिल्या जोरदार पावसात खाचरांच्या बांधावर मोठे बेडूक पिवळेधमक होऊन ओरडत असतात, ते नर. मुलं आठवडाभर तोच आवाज काढत फिरतात. अंडी डबक्यात, लापशीसारख्या चिकट पुंजक्यात. लिंबाच्या पानावरच्या एकुलत्या अंड्याच्या अगदी उलट. म्हणून इथे सगळ्या मुलांनी एकमेकांना चिकटून ओल्या साडीखाली बसायचं.

बेडूकमासा व्हायचं तर हात अंगाशी बांधल्यासारखे, कमरेला मागे ओढणीची शेपटी, आणि नुसतं वळवळत पुढे सरकायचं. चिखल असेल तर उत्तम, कपडे धुतले जातात. मग आधी मागचे पाय येतात. उकिडवं बसून, हात अजून मागेच, फक्त पायांवर उड्या. मग पुढचे. आता हात टेकून बेडूकउडी. क्रम डोक्यात बसायला याहून सोपा मार्ग नाही, कारण हात नसताना उडी मारली की मूल तोंडावर आपटतं आणि पुढचे पाय कशाला हवेत ते कळतं.

शेपटीपाशी जरा थांबा. बहुतेक मुलं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मोठी माणसंही, समजतात की शेपटी गळून पडते. ती पडत नाही. शरीर ती हळूहळू शोषून घेतं. त्या दिवसांत तोंडाची आणि आतड्याची रचना बदलत असते, शेवाळ खरवडणारा आता किडे गिळणार असतो, आणि खाणं जवळपास बंद असतं. तेव्हा शेपटी हीच शिदोरी. म्हणून ओढणी सोडून टाकायची नाही. दर उडीला एक वेढा कमरेत खोवायचा, संपेपर्यंत.

डबकं म्हणजे सुतळीचं रिंगण. पावसाला उघडीप पडली की रिंगण लहान करायचं. पाय फुटायच्या आत पाणी आटलं तर बेडूकमासे कोरडे पडतात. काही जातींचे बेडूकमासे पाणी कमी होऊ लागलं की रूपांतर घाईने उरकतात, पण मग बेडूक लहानखुरे होतात. खरे बेडूकमासे बघायचे तर पांढऱ्या ताटलीत चार-पाच घेऊन दहा मिनिटं, आणि परत त्याच डबक्यात. पावसाळ्यात ओढ्याकडे मात्र मुलांना नेऊ नका. पायाच्या घोट्याएवढं डबकं पुरतं.

आणि मग मुळशीतली मुलं तक्त्याला सुरुंग लावतात. ‘खेकड्याची अळी कुठंय?’ हा प्रश्न वाडीवरचंच मूल विचारतं, कारण त्याने खेकडीण उलटी करून बघितलेली असते. आपल्या डोंगरातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना अळी नसते. अंड्यातून थेट चिमुकले खेकडेच निघतात आणि काही काळ आईच्या पोटाच्या दुमडीखाली राहतात. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं मात्र पाण्यात तरंगणारी, आईशी काहीच साम्य नसलेली. एकच नाव, दोन रीती. सह्याद्रीतल्या बेडकांतही असंच. झुडपांवर राहणारे, अंगठ्याच्या नखाएवढे काही बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो इवला बेडूकच. आणखी काही जातींचे बेडूकमासे डबक्यात नसतातच, पावसात पाझरणाऱ्या खडकाच्या उभ्या अंगाला चिकटून असतात. या दिवशी खेळ वाडीवरच्या मुलांच्या हाती द्यावा. खेकडीण कोण, तिच्या पोटाखाली किती जणांनी चालायचं, ते त्यांना ठरवू द्यावं. एक साडी, तिच्याखाली सहा लहानगी, सगळी आडवी चालणारी. यात शिकवणारीला फक्त बाजूला व्हायचं असतं.

कोंबडीबद्दल फार सांगायला नको, ती घरोघरी आहे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकवीस चिंचोके. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंड्याखाली बॅटरी धरली तर लाल शिरांचं जाळं दिसतं, आणि अंडं लगेच परत ठेवायचं. खेळात कोंबडी झालेल्या मुलाने जागचं हलायचं नाही, फक्त अधूनमधून अंडी उलटी करायची. पाच मिनिटांत कंटाळा येतो. एकवीस दिवसांचा विचार मग आपोआप होतो.

काजव्यांची वेळ मात्र शाळेची नाही. ते मे संपताना, पावसाच्या तोंडावर चमकतात, तेव्हा सुट्टी असते. तो खेळ घरच्यांनी खेळावा, ओसरीवर, दिवे घालवून. दोघांकडे छोट्या बॅटऱ्या, ठरलेली उघडझाप, अंधारात आपला जोडीदार उत्तरावरून ओळखायचा. हा खेळ घरातच बरा. झाडाखाली जाऊन बॅटऱ्या मारल्या तर काजव्यांनाच एकमेकांची उत्तरं दिसत नाहीत. मुलांना एवढं जरूर सांगावं की हे चमकणं फार थोड्या दिवसांचं. काजव्याचं बहुतेक आयुष्य जमिनीवर, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाणारी अळी म्हणून गेलेलं असतं.

शेवटी, ठरल्याप्रमाणे न झालेली एक गोष्ट. एका पावसाळ्यात आमच्या बाटलीतल्या डहाळीवर तीन कोश होते. दोघांतून फुलपाखरं आली. तिसऱ्याची चिंचोक्यांची रांग लांबतच गेली, कोश काळा पडला, आणि एका सकाळी त्याला टाचणीने टोचल्यासारखं भोक होतं. मच्छरदाणीच्या आत कणीएवढ्या बारीक माश्या फिरत होत्या, डझनावारी. परजीवी गांधीलमाश्या. त्यांच्या आईने आत आपली अंडी घातली होती, आतलं खाऊनच त्या वाढल्या होत्या. एक मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘म्हंजी हितं दोन आया होत्या.’

आता त्या कोशाची रांग कोणाच्या नावावर लावायची, यावर वाद झाला. रांग फुलपाखराची म्हणून सुरू झाली होती, पण निघाली गांधीलमाशी. मुलांनी चिंचोके उचलले नाहीत. शेवटच्या चिंचोक्यापुढे एकाने मोहरीचे दाणे आणून टाकले, त्या माश्या म्हणून. दुसऱ्या दिवशी विषामृत खेळताना नवीन भूमिका आली होती. साडीतल्या कोशाजवळ चोरपावलांनी जाऊन एक बोट टेकवायचं आणि पळायचं. मग दहाव्या टाळीला साडीतून कोण निघणार, हे कुणालाच माहीत नसायचं. आणि त्या दिवशी बुलबुल व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांना गांधीलमाशीच व्हायचं होतं.